एका नळीत दोन बार

माझा थोरला भाऊ खोटं बोलत नाही. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते आहे. असा माणूस घरात असणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात आहे त्यांनाच कळेल. माझं लग्न ठरलं तेव्हा सगळे होणाऱ्या नवऱ्याकडे बघून गोड गोड हसत होते, आणि दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "माणूस बरा आहे, पण अर्धी उंची बुटांची आहे." नवऱ्याने ते अजून विसरलेलं नाही. मीही नाही, कारण बूट काढल्यावर ते खरं निघालं.

दादा लाकडाच्या वखारीत करवतींना धार लावतो. वखारीच्या मागे एक पत्र्याची खोली आहे, तिला एकच खिडकी आहे, आणि माणसापेक्षा लांब पाती तिथे खुंट्यांना टांगलेली असतात. एक दात डावीकडे वाकवायचा, पुढचा उजवीकडे, मग कानशीने घासायचा, मग पुढचा. सबंध दिवस हेच. लोखंडाचा बारीक कीस त्याच्या बाह्यांच्या दुमडीत जाऊन बसतो. माझी लाँड्री आहे. त्याचे शर्ट आले की मी वेगळ्या टबात टाकते, नाहीतर दुसऱ्यांच्या चादरी करड्या होतात. वखारीच्या मालकाने एकदा त्याला पुढे गिऱ्हाइकांजवळ बसवून बघितलं होतं. पहिल्याच गिऱ्हाइकाला दादाने सांगितलं की ही फळी ओली आहे, दार केलंत तर वाकेल. दुपारच्या आत मालक त्याला पुन्हा मागच्या खोलीत सोडून आला.

माझ्या पाठचा धाकटा शिंपी आहे, आणि तोंड उघडलं की थापा मारतो. "उद्या नक्की" हे त्याच्या दुकानाचं नाव असायला हवं होतं. दुकानातला आरसा त्याने वरून जरा मागे झुकवून लावला आहे, त्यात जाडं माणूस बारीक दिसतं. लोक खूश होऊन जातात आणि घरी जाऊन बटणं लागत नाहीत म्हणून परत येतात. तेव्हा धाकटा त्यांना चहा पाजतो आणि कापडच आटलं असं पटवून देतो. मला दोघांचाही राग आहे, हे आधीच सांगून टाकते; म्हणजे पुढे मी कोणाची बाजू घेते आहे असा संशय नको.

आमच्या गावामागे डोंगर आहे. डोंगराच्या उतारावर बटाट्याची आणि मक्याची वावरं आहेत आणि त्याच्या वर दाट झाडी. झाडीतून रानडुकरं खाली उतरतात आणि एका फेरीत वावराची अशी वाट लावतात की नांगर फिरला असं वाटावं. म्हणून गावात डुकरांच्या शिकारीचा एक जथा आहे. परवाना फक्त ठासणीच्या रायफलींचा मिळतो. ही बंदूक तोंडाकडून भरावी लागते. मापाने दारू नळीत ओतायची, तेलात भिजवलेल्या चिंधीत शिशाची गोळी गुंडाळून तोंडावर ठेवायची, आणि गजाने ती खाली, पार दारूपर्यंत ठासायची. शेवटी ठिय्यावर बसल्यावर मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो, टोपी फुटते, दारू पेटते. एकदा उडाली की पुन्हा पहिल्यापासून सगळं. तोवर डुक्कर तुमची वाट बघत उभं राहत नाही. कधी कधी ते तुमच्याकडेच येतं.

या बंदुकीचा एक मोठा दोष असा की ती भरलेली आहे की रिकामी, हे बाहेरून बघून कळत नाही. म्हणून गजावर खूण केलेली असते. गज रिकाम्या नळीत सोडला तर खुणेपर्यंत आत जातो. आत बार असेल तर खूण वर राहते. आणि खुणेवरही भिस्त ठेवायची नाही, असा आमच्या वडिलांचा नियम होता. जो बार भरेल त्याने मोठ्याने "भरली" म्हणायचं. शेजारच्याने "कळलं" म्हणायचं. ते ऐकू येईपर्यंत भरणाऱ्याने बंदुकीवरचा हात काढायचा नाही. आता सबंध जथ्याचाच हा नियम झाला आहे. वडील पाण्याच्या टाकीवर पंप चालवायचे, घरात फारसं बोलायचे नाहीत. पण या दोन शब्दांसाठी त्यांनी दोन्ही मुलांना लहानपणी चांगलं बडवलं होतं.

वडिलांची स्वतःची रायफल होती. जड, जुनी, नळीला आतून आटे पाडलेले. तीच पुढे सगळ्या भांडणाचं मूळ झाली. बंदुकीचा काय दोष म्हणा, मूळ आमच्या घरातच होतं.

वडिलांना शेवटी शेवटी चढण झेपत नव्हती. ते खाली वावराच्या बांधावर बसायचे आणि दोन्ही मुलगे वर जायचे. धाकट्याने तेव्हा नुकतीच कोणाची तरी रायफल मागून आणली होती. त्या दिवशी भलंमोठं सुळेवालं डुक्कर पडलं. दोघे एकमेकांपासून थोड्या अंतरावर बसले होते, आणि डुक्कर पडल्याबरोबर धाकटा धावत खाली आला, वडिलांना मिठी मारली आणि म्हणाला, "मी पाडलं." वडिलांचे डोळे भरून आले. धाकट्याने तोवर नेम धरून काही पाडलं नव्हतं, सुईत दोरा सोडून. वडिलांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतक्यात जथ्याबरोबर मागून दादा आला. धाकट्याच्या खांद्यावरची बंदूक त्याने उतरवली, घोडा मागे ओढला आणि बोंडावरची टोपी बोटाने काढून सगळ्यांना दाखवली. टोपी अख्खी होती. फुटलीच नव्हती. धाकट्याने बार उडवलाच नव्हता.

जथा पोट धरधरून हसला. वडीलही हसले, आणि तेच धाकट्याला लागलं. डुक्कर कोणाचं, हे दादा संध्याकाळी घरी, चार भिंतींच्या आत सांगू शकला असता. न सांगताही चाललं असतं. म्हाताऱ्याचं समाधान झालं असतं. मी दादाला हे तेव्हाही सांगितलं. तो म्हणाला, "मग मी काय खोटं कबूल करू?" मी म्हटलं, गप्प बसायचं. तो म्हणाला, "गप्प बसणं म्हणजे तेच." अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

त्या दिवसापासून धाकट्याने दादाशी बोलणं टाकलं. दादा म्हणाला, मी काय चुकीचं केलं, मी कशाला आधी बोलू? म्हणून त्यानेही टाकलं. थोड्याच दिवसांत वडील गेले. जाण्यापूर्वी इतकंच म्हणाले, "बंदूक दोघांची." त्यांना वाटलं असेल की त्यामुळे तरी दोघे बोलतील. वडिलांना माणसांपेक्षा पंप जास्त कळत होते.

मग सुरू झाला आमच्या घरातला तमाशा, आणि तो बरीच वर्षं चालला. घर एकच, दादा वरच्या मजल्यावर, धाकटा खाली, जिना बाहेरून. मी समोरच्या गल्लीत. काही सांगायचं असलं की ते मला सांगायचे. "ताई, सांग त्याला, जिन्यावरची बादली उचल म्हणावं." ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर, ती बादली भरत उभा. मी सांगायची, "बादली उचल म्हणतोय." तो म्हणायचा, "त्याला सांग, माझं पाणी भरून होऊ दे." मी पुन्हा तोंड इकडे करायची. मी नसले तर बायकांमार्फत, बायका नसल्या तर पोरांमार्फत. कोणीच नसलं तर भिंतीकडे बघून. एकदा धाकट्याने मांजराला सांगितलं होतं की वरच्याला म्हणावं गॅस गळतोय. मांजर निघून गेलं. दादाने गॅस बंद केला.

रायफलीचं त्यांनी असं ठरवलं, म्हणजे माझ्यामार्फत ठरवलं, की एक शिकार एकाची, पुढची दुसऱ्याची. ज्याची पाळी नाही त्याने मागे बसायचं. येऊ नकोस असं कोणी कोणाला सांगायचं? म्हणून दोघेही जायचे. बंदूक एक, म्हणून ठिय्या एक, आणि त्या ठिय्यावर एकमेकांना पाण्यात पाहणारे दोन भाऊ. गोळीला गुंडाळायला चिंधी लागते. जथ्यातले सगळे धाकट्याच्या दुकानातली कातरण वापरायचे, पोतंभर पडलेली असते. दादा स्वतःचे जुने शर्ट फाडायचा. चांगले, अजून वर्षभर चालले असते असे शर्ट. ते मीच धुतलेले असायचे.

"भरली" आणि "कळलं"चं काय, असं विचाराल तर त्यावरही तोड काढली होती. जथ्याचा म्होरक्या बस चालवतो, त्याला सगळे कप्तान म्हणतात. बार भरताना कप्तान मध्ये उभा राहायचा. दादा म्हणायचा "भरली," कप्तान म्हणायचा "भरली म्हणतोय," धाकटा म्हणायचा "कळलं म्हणावं." कप्तानाला याची इतकी सवय झाली होती की बसमध्येही तो एका प्रवाशाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायचा. सगळे हसायचे. मीही हसले आहे. पुढे हसू आलं नाही.

ज्या शिकारीला घात झाला, तिच्या आधीच्या शिकारीला जथा वर गेला होता, पण धुकं एवढं उतरलं की शेजारचा माणूस दिसेना. कप्तानाने शिकार मोडली आणि सगळे परत आले. ती पाळी दादाची होती. आता प्रश्न असा की पाळी झाली की नाही? दादाच्या मते बार उडालाच नाही, म्हणजे पाळी झाली नाही, पुढची त्याचीच. धाकट्याच्या मते आपण डोंगर चढलो, थंडीत कुडकुडलो, म्हणजे पाळी झाली, पुढची आपली. दोघांचंही बरोबर वाटावं असं होतं. एका वाक्यात मिटलं असतं. पण ते वाक्य कोणी कोणाला विचारायचं? दोघांनीही मला काही सांगितलं नाही, कारण दोघांच्याही मते त्यात विचारण्यासारखं काही नव्हतंच.

पुढे जे झालं ते मी बघितलं नाही. मी लाँड्रीत होते. पण मला ते दोघांकडून वेगवेगळं कळलं आहे, आणि दोघांनीही ते दुसऱ्याला सांगण्यासाठीच मला सांगितलं, म्हणून त्यातलं काही वगळलेलं नाही.

झाडीच्या कडेला जथा थांबला. कप्तान हाकाऱ्यांना घेऊन पलीकडच्या ओढ्याकडे निघून गेला, कारण डुकरं त्या बाजूला उकरताना दिसली होती आणि घाई होती. बाकीचे आपापल्या ठिय्यांवर गेले. दादाने रायफल भरली. माप, चिंधी, गोळी, गज, सगळं रीतसर. मग "भरली" म्हणायची वेळ आली. आजूबाजूला धाकट्याशिवाय कोणी नव्हतं, आणि तोही पाठ फिरवून बसला होता. दादा काही बोलला नाही. बंदुकीवरचा हात काढला, ती झाडाला टेकवून ठेवली आणि पाण्याची बाटली आणायला पिशवीकडे गेला.

धाकट्याने झाडाला टेकवलेली बंदूक बघितली. त्याच्या मते पाळी त्याची. टोपी नव्हती, "भरली" असं कोणी म्हटलं नव्हतं, म्हणजे बंदूक रिकामी, असं त्याने धरलं. गज आत सोडून बघायला हवा होता, पण माप घेताना फितीऐवजी नजरेने काम चालवणारा माणूस तो. त्याने दारू ओतली, आपल्या दुकानातली फुलाफुलांची चिंधी गुंडाळून गोळी ठेवली आणि ठासली. एका नळीत दोन बार झाले.

दादा बाटली घेऊन वळला तेव्हा धाकटा गजाने शेवटचं ठासत होता. गज खाली टेकला होता, तरी त्याची खूण नळीच्या तोंडापासून वर, वीतभर वर होती; एका बाराने ती दोन बोटंच वर राहते. करवतीचा एक दात केसभर इकडचा तिकडे असला तर ज्याला दिसतो, त्याला वीतभर दिसणार नाही का?

धाकटा ठिय्यावर बसला. दादा त्याच्या मागे, एका खडकाआड. मध्ये चार पावलंही नसतील. पलीकडून हाकाऱ्यांचे डबे वाजायला लागले. पाखरं उडाली. मग झुडपं हलली आणि डुकरं निघाली, पुढे एक मोठा नर, मागे बाकीची. धाकट्याने टोपी बसवली आणि बंदूक खांद्याला लावली. तेव्हा दादाच्या तोंडून आवाज निघाला. काय निघाला, तर "त्याला सांगा, थांब म्हणावं."

त्या रानात सांगणारं तिसरं कोणी नव्हतं.

धाकट्याने ते ऐकलं. मला स्वतः म्हणाला, "ऐकलं, ताई. म्हणूनच ओढला. वाटलं, झालं, माझ्या हातून डुक्कर पडतंय म्हटल्यावर याच्या पोटात दुखायला लागलं." त्याने चाप ओढला. बंदूक मागच्या बाजूने फाटली. डाव्या हाताने त्याने नळी खालून धरली होती. त्या हाताची बोटं गेली, अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. गालावर आणि कपाळावर भाजलं. डोळे वाचले. डुकरं त्यांच्या शेजारून निघून गेली. दादाने स्वतःचा शर्ट काढून हात बांधला, त्याला पाठीवर घेतलं आणि डोंगर उतरून खाली आणलं. जथ्यातले लोक वाटेत भेटले, त्यांनी मदत करायला हात पुढे केले, पण दादाने त्याला कोणाकडे दिलं नाही. सबंध उतारभर धाकटा त्याच्या कानाशी कण्हत होता, आणि दोघांपैकी कोणी एक शब्द बोललं नाही. ही माझी भावंडं.

शिंप्याचा डावा हात काय करतो, हे तुम्ही कधी बघितलं नसेल. उजवा चाक फिरवतो, कात्री चालवतो. पण कापड सरकवायचं, ताणायचं, वळवायचं ते सगळं डाव्याने. धाकट्याला हे शुद्धीवर आल्याबरोबर कळलं. रडला नाही. आढ्याकडे बघत पडून राहिला. त्याची बायको मात्र बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती की थोरल्याने मुद्दाम केलं, थोरल्याने जीव घ्यायला बघितला. गावात दुसरं काही बोललं जात नव्हतं. वखारीत लोक दादाच्या खोलीत डोकावून जायचे. कप्तानाने मला थेट विचारलं, "खूण दिसली असणार ना गं त्याला?" मी म्हटलं, मला काय माहीत. पण मला माहीत होतं. दादाने मला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकलं होतं.

"दिसली," तो म्हणाला. माझ्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता, अंगात माझ्या नवऱ्याचा शर्ट, बाह्या तोकड्या पडलेल्या. "शब्द तोंडाशी आला होता. मग वाटलं, त्याने विचारावं. बंदूक हातात घेताना माणूस विचारतो, भरली आहे का. एवढं तरी विचारावं. दर वेळी मीच का? म्हटलं, डुक्कर आलं नाही तर खाली गेल्यावर कप्तानाला सांगू. आणि डुक्कर आलं."

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. हातात गरम इस्त्री होती म्हणून मारली नाही. मी म्हटलं, तू भाऊ नाहीस, तू दगड आहेस. तो म्हणाला, "हे त्याला सांग." मी विचारलं, काय सांगू? "हेच. मला खूण दिसली होती." मी म्हटलं, नाही सांगणार. तुम्हा दोघांचा निरोप आता मी नेणार नाही, मेले तरी.

चार-पाच दिवसांनी दवाखान्यात गेले तर धाकट्याने बायकोला बाहेर पाठवलं. तोंडाला पट्ट्या, हाताचं गाठोडं उशीवर ठेवलेलं. म्हणाला, "ताई, त्याला विचार. खूण त्याला दिसली होती का, एवढंच विचार."

"तूच विचार," मी म्हटलं.

"तो नाही म्हणाला, तर मी मानीन," धाकटा म्हणाला. "शपथेवर मानीन. चूक माझी, गज मी बघितला नाही. घरी गेल्यावर बायकोचं तोंड मी बंद करीन. दादाच्या नावाने कोणी बोललं तर मीच त्याला उत्तर देईन. फक्त त्याने नाही म्हणावं."

दादा. कितीतरी वर्षांनी मी त्याच्या तोंडून तो शब्द ऐकला. मला भडभडून आलं आणि त्याचाही राग आला. आयुष्यभर थापा मारणाऱ्या माणसाला एक थाप हवी होती, आणि ती जगातल्या एकाच माणसाकडून हवी होती, जो मारत नाही. खोटं आहे हे धाकट्याला ठाऊक नव्हतं असं मला वाटत नाही. त्याला खरं नकोच होतं. आपला भाऊ आपल्यासाठी एकदा तरी खोटं बोलतो का, हे त्याला बघायचं होतं.

दादा दवाखान्याच्या जिन्यात सापडला. रोज यायचा आणि पहिल्या मजल्याच्या कठड्यापाशी उभा राहून परत जायचा, हे मला वॉर्डबॉयने सांगितलं होतं. मी त्याची बाही धरली. म्हटलं, "ऐक. हा निरोप नाही, हे माझं सांगणं आहे. वर जा. तो विचारेल, खूण दिसली होती का. तू नाही म्हण."

"दिसली होती," दादा म्हणाला.

"मला माहीत आहे. तू नाही म्हण. दोन अक्षरं आहेत. नाही म्हणालास तर तुझा भाऊ तुला परत मिळेल, हो म्हणालास तर तुझं खरं घेऊन आयुष्यभर त्या वरच्या मजल्यावर एकटा बस. त्याची बोटं गेली आहेत, दादा. तुझं एक खोटं जाऊ दे."

त्याने बाही सोडवून घेतली. चेहरा राखेसारखा झाला होता. "नाही म्हणतो," तो म्हणाला. मी त्याच्या मागून चढले. माझा विश्वास बसला नव्हता, पण आशा मात्र वेड्यासारखी होती.

खोलीत धाकटा उशीला टेकून बसला होता. दादा पलंगाच्या पायाशी उभा राहिला. दोघांनीही माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे तोंड केलं आणि तशीच उभी राहिले. खाली अंगणात कोणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या, नीट न झटकता. मग धाकट्याने आढ्याकडे बघून विचारलं, "कोणीतरी विचारा त्याला. खूण दिसली होती का?"

"मला विचार," दादा म्हणाला.

मी वळले. धाकट्याने मान खाली घेतली आणि थेट त्याच्याकडे बघितलं. "दिसली होती का तुला?"

दादाने तोंड उघडलं. जीभ "नाही"साठी दातांना टेकलेली मी या डोळ्यांनी बघितली. त्याच्या कपाळावर घाम आला. आणि तो म्हणाला, "दिसली होती. मी बोललो नाही. तू विचारशील म्हणून थांबलो."

मी मनात त्याला देऊ नयेत अशा शिव्या दिल्या. धाकट्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं, संपलं. वडिलांचं घर आज इथे संपलं.

"ताई, त्याला सांग, निघायला," धाकटा भिंतीला म्हणाला.

मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं.

"मी ऐकतोय," दादा म्हणाला. "मला सांग."

"निघ."

"नाही निघत."

"निघ म्हणतो ना. कशाला आलास? आता काय बघायचंय? टोपी बघितलीस, सगळ्यांना दाखवलीस, म्हातारा हसला, आता हा हात बघ." त्याने ते गाठोडं दादाच्या तोंडासमोर धरलं. "हा दाखव जाऊन. वखारीत टांग."

"टोपी दाखवली ती चूक होती," दादा म्हणाला. "घरी सांगायला हवं होतं."

"हे आज कळलं?"

"तेव्हाच कळलं. तू विचारलं नाहीस."

"मी विचारायचं? मी? तू थोरला ना?" धाकट्याने उजव्या हाताने पाण्याचं भांडं उचललं आणि त्याच्या अंगावर फेकलं. ते दादाच्या छातीवर लागलं आणि सबंध खोलीभर गडगडत गेलं. दादा भिजलेला तसाच उभा राहिला, आणि मग त्याचाही आवाज चढला. पाळी कोणाची होती इथपासून सुरुवात झाली. धुकं, गज, फाडलेले शर्ट, वडिलांच्या आजारपणात रात्री कोण जागलं, जिन्यावरची बादली. इतक्या वर्षांचं सगळं, एकावर एक, एकमेकांच्या तोंडावर. धाकटा रडत होता आणि ओरडत होता. दादा त्याच्या प्रत्येक वाक्याला "खोटं" म्हणत होता किंवा "हो" म्हणत होता, आणि दर वेळी एक पाऊल पलंगाच्या जवळ येत होता.

मी बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. धाकट्याची बायको बाकावरून उठून उभी राहिली होती. नर्स पलीकडच्या टोकाकडून धावत आली. मी दारात आडवी उभी राहिले.

"बाजूला व्हा," ती म्हणाली. "पेशंटला त्रास होतोय."

"होऊ द्या," मी म्हटलं.